गणपती-१७ नेमका कुठला?

भाद्रपदात कुठल्याही मराठी वेबसाइटची मीडिया लायब्ररी उघडा आणि शोधा 'गणपती'. गणपती, गणपती-१, गणपती-२... रांग संपता संपत नाही. ही बारशी वर्डप्रेसनं केलेली. फोल्डरमध्ये त्या नावाची फाइल आधीच असली, तर नव्या पाहुण्याच्या मागे आकडा चिकटतो. फोटोत कसबा गणपती आहे की घरचा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

त्यात फोल्डर महिन्यावार. २०२५ साली बाप्पा २७ ऑगस्टला आले, ६ सप्टेंबरला गेले. त्यामुळे आगमनाचा फोटोही 'गणपती' आणि विसर्जनाचाही 'गणपती', दोघंही बिनआकड्याचे!

नावाच्या शेपटीवरून मात्र फाइलची कुंडली कळते. '-१५०×१५०' म्हणजे आपोआप कापलेली चिमुकली प्रत. '-स्केल्ड' म्हणजे फोटो २५६० पिक्सेलपेक्षा मोठा होता, तो आटवला. ही सोय २०१९ पासूनची. आणि 'ई'नंतर लांबलचक आकडा दिसला, तर कुणीतरी लायब्ररीतच फोटो कापलाय किंवा फिरवलाय. त्या आकड्यात १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद असतात आणि शेवटी तीन अंक, मनाला येतील ते.

कॅमेऱ्यांची तऱ्हा निराळी. नावात अंक चारच, त्यामुळे ९९९९ नंतर पुन्हा ०००१. लग्नसराईत ते गाठायला कितीसा वेळ लागतो? म्हणजे दोन फोटोंना एकच नाव. व्हॉट्सअ‍ॅपचं उलटं: प्रत्येक फोन आपापला क्रमांक टाकतो, म्हणून एकाच फोटोला घरात चार नावं.

इंग्रजी नावांत लहान-मोठ्या लिपीची भांडणं असतात. विंडोजला दोन्ही सारखीच, लिनक्स सर्व्हरला वेगळी. देवनागरीत ती भानगड नाही. आपली भानगड घरचीच आहे: ऱ.

'दऱ्या' लिहून बघा. यातला ऱ एकसंध असू शकतो, र आणि खालचा नुक्ता असा जोडलेला असू शकतो, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य सांधा असाही. डोळ्यांना तिन्ही सारखे, कॉम्प्युटरला तीन वेगळी नावं. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत तर फाइल साठवताना गुपचूप ऱ फोडायची. अशी फाइल सर्व्हरवर चढवली आणि पानानं एकसंध ऱ मागितला, की ४०४. तो अदृश्य सांधा गळाला, तर 'दऱ्या'चं थेट 'दर्या' होतं आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा समुद्रात जातो. शिवाय पत्त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह नऊ अक्षरं खातं. एकटा 'महाराष्ट्र' नव्वद!

विकिमीडिया कॉमन्स नावावर विसंबत नाही. तिथं फाइलच्या आतल्या मजकुराचा एसएचए-१ ठसा काढून जुळी शोधतात. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेला फोटो पुन्हा दाबलेला असतो, त्यामुळे ठसाही बदलतो.

वर्डप्रेसला रिकामी जागा बघवत नाही, हे मला उशिरा कळलं. मी 'मोदक-३' पुसला. त्याच महिन्यात 'मोदक' नावाचा नवा फोटो चढवला, तर त्यानं बरोबर तीच जागा धरली. जुन्या पाककृतीत पत्ता तोच राहिला होता. 'कळ्या अशा पाडाव्यात' या ओळीखाली दोन दिवस प्लॅस्टिकच्या साच्याची जाहिरात झळकत होती.