केसाँग: बंद पडलेली नव्हे, बंद पाडलेली वसाहत

कोरियातले युद्ध १९५३ साली थांबले ते शस्त्रसंधीवर. शांततेचा तह अजूनही झालेला नाही. उत्तर आणि दक्षिण कोरियामधल्या अशा सरहद्दीच्या उत्तर बाजूला, सोलपासून सुमारे ६० किलोमीटरवर, केसाँगची औद्योगिक वसाहत उभी राहिली. दक्षिणेच्या ह्युंदाई समूहाने २००० साली उत्तरेशी करार केला, २००३ मध्ये कामाला सुरुवात झाली आणि २००४ च्या डिसेंबरात तिथे तयार झालेली स्वयंपाकाची भांडी सोलमध्ये विक्रीला आली. भांडवल, यंत्रे, कच्चा माल, इतकेच काय वीजसुद्धा दक्षिणेची. जमीन आणि मजूर उत्तरेचे. पुढे जवळपास १२५ कंपन्यांत ५० हजारांहून अधिक उत्तर कोरियाई कामगार कपडे, पादत्राणे, विजेची उपकरणे बनवू लागले.

ही वसाहत भाबड्या आशेवर उभी होती, असे म्हणणाऱ्यांनी २०१० साल आठवावे. त्या वर्षी दक्षिणेची ‘चेओनान’ युद्धनौका बुडाली, सोलने उत्तरेशी असलेला जवळजवळ सगळा व्यापार तोडला, नोव्हेंबरात येओनप्योंग बेटावर तोफगोळे पडले. केसाँगमधली यंत्रे मात्र चालूच राहिली. दोन्हीकडचा फायदा खरा होता, म्हणूनच हे शक्य झाले. कारखान्यांमुळे उत्तरेच्या अणुचाचण्या थांबल्या नाहीत हे खरे, पण ते काम शिलाई यंत्रांकडून अपेक्षिणेच चूक. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पगार डॉलरमध्ये उत्तरेच्या सरकारी यंत्रणेकडे जाई, थेट कामगाराच्या हाती पडत नसे. हा अन्याय होता, आणि थेट वेतनाचा आग्रह दक्षिणेने शेवटपर्यंत धरायला हवा होता. परंतु हाच पैसा अस्त्रांकडे वळला, या दाव्याला पुरेसा आधार नव्हता, असे सोलच्याच एकीकरण मंत्रालयाने नेमलेल्या समितीने २०१७ मध्ये सांगितले.

खरा दोष कराराच्या रचनेत होता. २०१३ च्या एप्रिलमध्ये उत्तरेने कामगार काढून घेतले आणि वसाहत पाच महिने ठप्प झाली. ऑगस्टमध्ये दोघांनी लिहून दिले की राजकीय परिस्थिती काहीही असो, काम थांबणार नाही. १० फेब्रुवारी २०१६ रोजी, उत्तरेच्या अणुचाचणीनंतर आणि रॉकेट प्रक्षेपणानंतर, वसाहत बंद करून तो शब्द सोलनेच मोडला. दुसऱ्याच दिवशी उत्तरेने दक्षिणेच्या लोकांना बाहेर काढले आणि मालमत्ता गोठवली. तिसऱ्या देशांच्या कंपन्यांना आणण्याची बोलणी २०१३ मध्ये झाली होती, पण ती कागदावरच राहिली. त्या कंपन्या खरोखर आल्या असत्या, तर टाळे ठोकण्याआधी दोन्ही सरकारांना विचार करावा लागला असता. तसे झाले नाही, आणि किंमत मोजली ती छोट्या उद्योजकांनी आणि रोजगार गमावलेल्या कामगारांनी.