किल्ल्या सावकाराकडे, हिशेब जाविद बेंकडे

उस्मानी साम्राज्याने पहिले परदेशी कर्ज काढले ते १८५४ मध्ये, क्रिमियाच्या युद्धासाठी. मग कर्ज फेडायला कर्ज, असे सुरू झाले. १८७५ मध्ये सरकारने हात वर केले. त्याच वर्षी सलोनिका शहरात मेहमेद जाविद यांचा जन्म झाला. पुढे याच कर्जबाजारी दौलतीचा जमाखर्च त्यांच्या हाती येणार होता.

१८८१ मध्ये एक फर्मान निघाले. हिजरी महिन्यावरून ते ‘मोहरमचे फर्मान’ म्हणून ओळखले जाते. मीठ, तंबाखू, मद्य, रेशीम, मासळी आणि मुद्रांक यांचे उत्पन्न त्याने युरोपीय सावकारांच्या मंडळाकडे गेले. घर आपले, पण किल्ल्या सावकाराच्या कमरेला!

जाविद बे अर्थशास्त्र शिकले, ते त्यांनी शिकवले आणि त्यावर ग्रंथही लिहिला. १९०८ च्या क्रांतीनंतर ते संसदेत आले, १९०९ मध्ये अर्थमंत्री झाले. पुढच्याच वर्षी ते कर्जासाठी पॅरिसला गेले. फ्रान्सने खजिन्यावर देखरेख मागितली. जाविद बेंनी नकार दिला आणि जर्मनीकडून कर्ज मिळवले.

१९१४ मध्ये त्यांच्याच पक्षातील सहकाऱ्यांनी देश महायुद्धात लोटला. रिकाम्या खजिन्यावर युद्ध लढता येत नाही, हे हिशेब ठेवणाऱ्याला दिसत होते. त्यांनी राजीनामा दिला. पण खुर्ची सुटली तरी काम सुटले नाही. ज्या युद्धाला विरोध केला, त्याच्याच खर्चासाठी ते बर्लिनशी वाटाघाटी करीत राहिले आणि १९१७ मध्ये पुन्हा मंत्री झाले. तोवर कागदी नोटांचा पूर आला होता. इस्तंबूलमध्ये महागाईने गरिबांच्या तोंडचा घास पळवला होता.

१९१८ मध्ये पराभव झाला, मग परागंदा आयुष्य आले. १९२६ मध्ये मुस्तफा कमाल यांच्या हत्येच्या कटाचा खटला उभा राहिला. जाविद बेंविरुद्ध ठोस पुरावा नव्हता, असे अनेक इतिहासकार मानतात. तरीही २६ ऑगस्टला अंकारात त्यांना फाशी झाली. मागे राहिली पत्नी, दोन वर्षेही पूर्ण न झालेला मुलगा आणि त्या मुलासाठी लिहिलेली एक वही.

साम्राज्य गेले, त्याचा अर्थमंत्रीही गेला. हप्ते मात्र चालूच राहिले. उस्मानी कर्जाचा शेवटचा हप्ता तुर्कस्तानने भरला तो १९५४ मध्ये, पहिल्या कर्जानंतर बरोबर शंभर वर्षांनी. ते भरणाऱ्या पिढीतल्या बहुतेकांनी ना सुलतान पाहिला होता, ना त्याचे युद्ध.