जनरेटरवर ई-बाईक चार्ज करताय? आधी हे वाचा!

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटवाला, त्यामुळे मराठी थोडं सांभाळून घ्या. पण विषय कामाचा आहे.

मे महिन्यातली गोष्ट. आमचा एक मित्र सक्करदऱ्याला खोली घेऊन राहतो. संध्याकाळी वादळ आलं आणि लाइट गेली. सकाळी सबमिशन, आणि ह्याच्या ई-बाईकची बॅटरी संपलेली. मंडपवाल्याकडून १ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर आणला. पाऊस होता म्हणून जिन्याखाली ठेवला. चार्जर ६०० वॅटचा, जनरेटर १००० चा, म्हणजे आरामात चालेल, हे आम्हा भावी इंजिनिअरांचं गणित! चार्जर लावला की जनरेटर घरघरायचा आणि ट्रिप व्हायचा. तीनदा तेच. तेवढ्यात वरून घरमालकीण काकू ओरडल्या, "पोट्टेहो, बंद करा ते! डोकं भणभणून राहिलं माझं."

आमच्या चुका दोन होत्या.

पहिली गणिताची. ६० व्होल्ट गुणिले १० अँपिअर, हे ६०० वॅट चार्जरचं आउटपुट. चार्जर स्वतः थोडी ऊर्जा खातो, म्हणून आत जातात साधारण ७००. शिवाय साधा चार्जर करंट सलग घेत नाही, झटक्याझटक्याने ओढतो. त्यामुळे पॉवर फॅक्टर ०.६५ च्या आसपास येतो आणि जनरेटरवर भार पडतो जवळपास ११०० व्हीए! म्हणून चार्जरच्या लेबलवर 'इनपुट'समोरचे अँपिअर बघा आणि त्यांना २३० ने गुणा. आमच्यावर ५ अँपिअर होते, म्हणजे ११५०. त्यात पाव भाग आणखी धरा. जनरेटरचं सलग चालण्याचं रेटिंग १४५० तरी हवं.

दुसरी चूक जिवावर बेतणारी. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मग शुद्ध जाते. काकूंची डोकेदुखी हा इशाराच होता. दारं-खिडक्या उघडून सगळे बाहेर आलो, तेव्हा त्यांना बरं वाटलं.

तेव्हा लक्षात ठेवा :

१. जनरेटर उघड्यावर, दारं-खिडक्यांपासून किमान २० फूट लांब. जिना, गॅलरी, पार्किंग चालणार नाही. पावसात भिजूही देऊ नका.

२. आधी जनरेटर सुरू करा, दोन-तीन मिनिटं स्थिर होऊ द्या, मग चार्जर लावा. बंद करताना उलट. पेट्रोल इंजिन थंड झाल्यावरच भरा.

३. एक्स्टेन्शनची वायर जाड हवी आणि पूर्ण उलगडलेली. गुंडाळलेली वायर तापते.

४. जनरेटरची वायर घरातल्या सॉकेटमध्ये कधीही खुपसू नका. वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावर चढलेल्या महावितरणच्या माणसाचा जीव जाऊ शकतो.

५. चार्जर गाडीचाच वापरा. २०२२ मध्ये ई-स्कूटरना लागलेल्या आगींनंतर केंद्राने बॅटरीचे नियम कडक केले, ते उगाच नाही. आपल्या नागपुरी उन्हात गाडी चालवून आलात तर बॅटरी थंड होऊ द्या, मगच चार्जिंग.

६. शक्य असेल तर इन्व्हर्टर पद्धतीचा जनरेटर घ्या. त्याचा व्होल्टेज जास्त स्थिर असतो.

आणि हो, मित्र सबमिशनला माझ्या जुन्या बाईकवर मागे बसून आला. एवढं साधं उत्तर रात्री एकालाही सुचलं नव्हतं!