डब्यावरील रंगीत त्रिकोण

१९५८ साली केरळात पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेल्या अन्नामुळे शंभराहून अधिक माणसे दगावली. वाहतुकीत धान्य व विष एकत्र आल्याने हा अनर्थ घडला. त्यातूनच पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला.

आज नोंदणी समितीच्या मान्यतेविना कोणतेही कीटकनाशक देशात बनविता वा आयात करता येत नाही. परिणामकारकता आणि माणसे व जनावरे यांची सुरक्षितता पटल्यावरच समिती नोंदणी देते. प्राणघातक मात्रेवरून वेष्टनावरील त्रिकोणाचा रंग ठरतो : लाल सर्वाधिक विषारी, त्याखाली पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्विष नव्हे, केवळ कमी विषारी. म्हणून धान्याच्या पोत्याशेजारी हिरव्या त्रिकोणाचा डबाही व्यापाऱ्याने ठेवू नये.