ओटी टेक्निशियन व्हायचंय?

शस्त्रक्रियेची जखम शिवण्याआधी ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटी) मोजणी होते. गॉजचे तुकडे, सुया, चिमटे. सुरुवातीचा आकडा जुळला नाही, तर शोधाशोध सुरू! जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या सुरक्षा यादीतही ही मोजणी आहे.

अशा थिएटरची घडी बसवतो तो ओटी टेक्निशियन. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला उपकरणं निर्जंतुक करणं, टेबल आणि दिवे लावून देणं, भूलयंत्र तयार ठेवणं ही त्याची रोजची कामं. तासन्‌तास उभं राहायची आणि रात्रपाळीची तयारी हवी.

बारावीला विज्ञान शाखेत जीवशास्त्र घेतलेल्यांसाठी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी (बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी) अभ्यासक्रम आहे. त्यात ३ वर्षं शिक्षण, मग १ वर्ष इंटर्नशिप.

अशा व्यवसायांच्या नियमनासाठी २०२१ मध्ये केंद्रीय कायदा झाला आहे. म्हणून फी भरण्याआधी संस्थेची मान्यता तपासून घ्यावी.