डांबरी रस्त्यांच्या जीर्णतेचे मापन : अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

डांबरी रस्त्याची अवस्था सामान्यतः खड्ड्यांवरून ठरविली जाते. वास्तविक खड्डा हे जीर्णतेचे शेवटचे लक्षण होय. तो दिसू लागण्यापूर्वी वरचे डांबर कठीण होत असते आणि बुडाच्या मातीचा आधार कमी होत असतो. या दोन क्रिया भिन्न असून त्यांची मोजमापेही भिन्न आहेत. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील काळी जमीन, कालवे आणि ऊस वाहतूक यांच्या संदर्भात या मोजमापांचा अर्थ कसा लावावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

डांबराचे वय :

ऊन आणि हवा यांमुळे डांबराचे ऑक्सिडीकरण होते व ते ठिसूळ बनते. रस्त्यातून कापून काढलेल्या तुकड्यातील डांबर द्रावकाने वेगळे करून त्याची परीक्षा घेता येते. २५ अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम भाराची सुई ५ सेकंदांत डांबरात किती शिरते, हे मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजतात. वय वाढते तसा हा आकडा घटत जातो.

पायाची ताकद :

पायाची ताकद पाहण्यासाठी बेंकेलमन बीम ही साधी तरफ वापरतात. ती अमेरिकेत १९५०च्या दशकात प्रचारात आली. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९९७च्या मार्गदर्शिकेनुसार (आय.आर.सी. ८१) मागील आसावर ८१७० किलोग्रॅम भार असलेला ट्रक उभा करून जोडचाकांच्या मध्ये बीमचे टोक ठेवतात. ट्रक सावकाश पुढे गेला की दबलेला रस्ता वर येतो. तो किती वर आला, हा त्याचा विक्षेप. तापमान ३५ अंशांहून वेगळे असल्यास प्रत्येक अंशामागे ०.०१ मिलिमीटरची दुरुस्ती करतात. पुढे निव्वळ सरासरीवर भागत नाही. महत्त्वाच्या मार्गांवर सरासरीत प्रमाण विचलनाची दुप्पट मिळवतात, इतर रस्त्यांवर एकपट. कारण रस्ता सरासरी जागी फुटत नाही, कमकुवत जागी फुटतो.

येथे एक फसगत संभवते. डांबराचा थर जाड असेल तर म्हातारपणी तो ताठर होऊन विक्षेप उलट कमी दिसतो. भेगा पडण्याच्या बेतात असलेला रस्ता कागदावर सुदृढ ठरतो! २० मिलिमीटर कारपेटच्या ग्रामीण रस्त्यांवर हा परिणाम नगण्य असतो. राज्य व राष्ट्रीय मार्गांवर मात्र दोन्ही परीक्षा एकत्र पाहाव्या लागतात.

ऊस, भार आणि ऋतू :

१९५८-६० मध्ये इलिनॉय येथे झालेल्या प्रयोगातून रस्त्याची हानी आसभाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते असे दिसले. चार टायरच्या एकेरी आसाची कायदेशीर मर्यादा २०१८ मध्ये १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. ८.१६ टनांचा प्रमाण आस एक धरल्यास हानी सुमारे २.४ पटींवरून ३.९ पटींवर जाते. भार वाढला अवघा आठवा हिस्सा, हानी मात्र दीडपटीहून अधिक. मर्यादेपलीकडे भरलेल्या गाड्यांचा हिशेब निराळाच.

लोणी-प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यापासून सुरू झालेली साखर कारखान्यांची परंपरा या जिल्ह्यात दृढ आहे. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो. म्हणजे पावसाने भिजलेली, फुगलेली काळी माती सर्वांत दुबळी असतानाच उसाचे भार रस्त्यावर येतात. पावसाळा संपताच मोजमाप घ्यावे, या संकेताचे महत्त्व येथे विशेष आहे. एप्रिल-मे महिन्यांत मोजलेला विक्षेप ओलाव्याची दुरुस्ती न करता वापरला, तर डांबराचा नवा थर पातळ ठरतो आणि पुढच्याच हंगामात चाकोऱ्या पडतात.

ही दुरुस्ती मातीचा प्रकार व वार्षिक पाऊस (१३०० मिलिमीटरहून कमी की अधिक) पाहून करतात. अकोल्याचा घाटमाथा एका गटात मोडतो, शेवगाव-पाथर्डीचा अवर्षणप्रवण पट्टा दुसऱ्यात. परंतु १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी प्रवरेच्या कालव्यांतून श्रीरामपूर, राहुरीपर्यंत खेळते. तेथे पाऊस कमी असूनही कालव्यालगतची माती उन्हाळ्यात ओली असू शकते. दोन फर्लांगांवरची मात्र भेगाळलेली. अशा रस्त्यावर एका जागेच्या मातीचा ओलावा संपूर्ण किलोमीटरला लावणे योग्य नाही. पाझराच्या आणि कोरड्या भागांचे नमुने व विक्षेप निरनिराळे नोंदवून थराची जाडीही निरनिराळी काढली पाहिजे.