दुसऱ्याचा फोटो, आपली जाहिरात

रमजान लागला की कापड बाजारात जाहिरातींची झुंबड उडते. पूर्वी कातिबाकडून हँडबिल लिहून घेतले जाई, भिंतीसाठी पेंटर बोलावला जाई. आता दुकानदाराचा मुलगा दहा मिनिटांत मोबाईलवर काम उरकतो. कुणाच्या तरी कॅटलॉगमधील मॉडेल, मागे काबा शरीफचा फोटो, साथीला एखादी नात आणि खाली दुकानाचे नाव. यातले आपले किती, असे विचारले की उत्तर ठरलेले: ‘मोबाईलवर आले होते.’

व्यापारी बांधवांनी ध्यानात घ्यावे की हे उत्तर कोर्टात चालत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटो काढला त्याच क्षणी हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही, कोपऱ्यात नाव असावे लागत नाही. काही हुशार मंडळी ते नाव कापून टाकतात. मग ‘नकळत झाले’ म्हणायलाही तोंड उरत नाही.

थोडेसे वापरले तर चालते, मूळ मालकाचे नाव दिले की भागते, असाही समज आहे. कलम ५२ मध्ये सवलती जरूर आहेत. खासगी उपयोग, संशोधन, टीका-परीक्षण, चालू घडामोडींची बातमी यांना वाजवी मर्यादेत मोकळीक आहे. पण दुकानातला माल खपवणे यात कुठेच बसत नाही. या साप्ताहिकाने एखाद्या पुस्तकाच्या परीक्षणात चार ओळी दिल्या तर हरकत नाही. त्याच ओळी अत्तराच्या खोक्यावर छापल्या की मामला बदलतो.

धार्मिक मजकुराबाबत आमच्या लोकांचा फार गोंधळ होतो. कुरआनच्या मूळ शब्दांवर कुणाची मालकी नाही. पण आजच्या खुशनवीसाने केलेली मांडणी त्याची कलाकृती आहे आणि नवा मराठी तर्जुमा अनुवादकाचा आहे. काबा सर्वांचा, फोटो मात्र काढणाऱ्याचा! गालिब १८६९ मध्ये वारले, इक्बाल १९३८ मध्ये. मृत्यूनंतरची ६० वर्षांची मुदत केव्हाच संपली, त्यांचा शेर खुशाल छापावा. तोच शेर अलीकडच्या गायकाच्या आवाजात लावायचा असेल तर रेकॉर्डिंगची परवानगी घ्यावी लागेल.

‘हा सरकारी कायदा झाला, शरियतमध्ये कुठे आहे?’ असे आम्हांला बाजारात ऐकवले जाते. जेद्दा येथील इंटरनॅशनल इस्लामिक फिकह अकॅडमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतच्या अधिवेशनात ठराव केला आहे. लेखन, शोध, व्यापारी नाव व ट्रेडमार्क यांचे हक्क शरियतने सुरक्षित मानले असून त्यांवर हात टाकणे जायज नाही, असा त्याचा आशय आहे.

कायद्याचा हातही हलका नाही. व्यापारी फायद्यासाठी जाणूनबुजून उल्लंघन केल्यास कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरवला.

मग जाहिरात करूच नये काय? करावी, आपल्या मालाचा आपणच फोटो काढून करावी. कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो, हे सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच आर. जी. आनंद खटल्यात सांगितले आहे. दुसऱ्याने दुपट्टा खिडकीत टांगून फोटो काढला असेल, तर आपण आपला दुपट्टा आपल्या खिडकीत टांगावा. पैसे देऊन फोटोग्राफर बोलावला आणि उलट करार नसेल, तर फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. जाहिरातीचा मजकूर व मांडणी बाहेरच्या माणसाकडून करून घेतली तर मात्र हक्क सही-शिक्क्याने लिहून घ्यावा. मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षे धरली जातात. सुरतेच्या घाऊक व्यापाऱ्याचे कॅटलॉग वापरायचे असेल तर त्याच्याकडून दोन ओळींची लेखी परवानगी मागावी. गिऱ्हाईक टिकवायचे असते, तो सहसा नाही म्हणत नाही.

मालेगाव-भिवंडीच्या कारागिरांसाठी एक वेगळी गोष्ट. कापडावरच्या नक्षीची २००० च्या डिझाईन कायद्याखाली नोंदणी करता येते. ती केली नाही आणि यंत्रावर ५० पेक्षा जास्त नग निघाले, तर कलम १५ प्रमाणे त्या नक्षीवरचा कॉपीराइटही जातो. नोंदणीने १० वर्षे आणि वाढवून आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. अर्ज मात्र नमुना बाजारात दाखवण्याआधी झाला पाहिजे.